श्रद्धेची वाट : रेव्हरंड नारायण वामन टिळक

नागपूरहून पूर्वेकडे निघालेली आगगाडी वैनगंगा ओलांडते, तेव्हा दोन्ही बाजूंस भाताची खाचरे आणि तलाव दिसू लागतात. तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा ही स्थानके मागे पडतात. पुढे दरेकशाची डोंगररांग व दाट झाडी लागते आणि गाडी डोंगरगडावरून राजनांदगावास पोचते. तिरोड्यापासून सालेकशापर्यंतचा मुलूख पूर्वी भंडारा जिल्ह्यात मोडत असे. १ मे १९९९ रोजी त्याचे विभाजन होऊन गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला. राजनांदगाव हे त्या काळी एक लहान संस्थान होते. आज ते छत्तीसगड राज्यात आहे.

१८९३ च्या सुमारास याच लोहमार्गावरून एक तरुण मराठी कवी नोकरीनिमित्त राजनांदगावास चालला होता. त्याच्या डब्यात एक युरोपीय गृहस्थ बसले होते. साहेब आता आपणांस डब्यातून उतरावयास सांगणार, अशी त्या तरुणास धास्ती वाटली. कारण त्या काळी असे प्रकार वारंवार घडत. परंतु त्या गृहस्थांनी आपले सामान बाजूस सारून त्यास आदराने जागा करून दिली. बोलणे सुरू झाले. प्रथम ते संस्कृत काव्याविषयी होते, मग ते धर्माकडे वळले. निरोप घेताना त्या गृहस्थांनी तरुणाच्या हाती बायबलातील नव्या कराराची एक प्रत ठेवली आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ताचे अनुयायी व्हाल, असे भाकीत केले. तरुणाला ते भाकीत मुळीच पटले नाही. तथापि पुस्तक वाचीन, एवढे वचन मात्र त्याने दिले. हा तरुण म्हणजे नारायण वामन टिळक. मराठी वाचक पुढे त्यांस फुलामुलांचे कवी म्हणून ओळखू लागले.

नारायणरावांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. वडील वामनराव हे कडक स्वभावाचे होते. आई जानकीबाई प्रेमळ, भाविक व काव्याची आवड असणारी होती. कविता आणि भक्ती हे दोन्ही वारसे नारायणरावांस आईकडून लाभले. आई लवकरच निवर्तली आणि मुलाच्या मनाला घराची ओढ उरली नाही. ते नाशिकास आले. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यासारख्या विद्वानापाशी राहून त्यांनी संस्कृताचा अभ्यास केला. थोडे इंग्रजीही शिकले. परंतु पोटापाण्याच्या विवंचनेमुळे त्यांचे शालेय शिक्षण पुरे झाले नाही. १८८० साली त्यांचा विवाह झाला. पत्नीचे माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. सासरी त्या लक्ष्मीबाई झाल्या. विवाहसमयी त्या अवघ्या अकरा वर्षांच्या होत्या.

टिळकांची वृत्ती अस्थिर होती. कधी शिक्षक, कधी कीर्तनकार, कधी पुराणिक अशी नाना कामे त्यांनी केली. आज एका गावी तर उद्या दुसऱ्या गावी, असा त्यांचा संसार चाले. हाती पैसा आला की समोर दिसेल त्या गरजवंताला तो देऊन टाकावा आणि घरी रिकाम्या हातांनी परतावे, हे त्यांच्या बाबतीत नित्याचेच होते. लक्ष्मीबाईंनी हे सारे सोसले. या धडपडीतच टिळक नागपुरास आले. तेथे आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांच्या संपादनाचे काम केले आणि ‘ऋषी’ नावाचे मासिक चालविले. हिंदू धर्मातील प्रश्नांचा ऊहापोह करणे हा त्या मासिकाचा हेतू होता. अशा रीतीने धर्मविचाराची गोडी टिळकांस त्या पुस्तकाच्या भेटीपूर्वीच लागलेली होती.

तो काळच धर्मविषयक खंडनमंडनाचा होता. मुंबईत डॉक्टर जॉन विल्सन यांनी १८३० नंतरच्या दशकात हिंदू, पारशी व मुसलमान विद्वानांशी जाहीर वाद केले. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ साली अहमदनगर येथे ‘ज्ञानोदय’ हे पत्र सुरू केले. १८५४ साली ख्रिस्ती झालेल्या बाबा पदमनजींनी आपल्या नव्या श्रद्धेच्या समर्थनार्थ मराठीत विपुल लेखन केले. दुसऱ्या बाजूने विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर सभा भरवून पाद्र्यांशी जोरदार वाद घातला आणि वैदिक धर्माचे समर्थन केले. या वादांमुळे लोक विचार करू लागले, ग्रंथ वाचू लागले. मराठी गद्यही त्यांतून घडत गेले. परंतु वादात जिंकण्याची ईर्ष्या वाढली की सत्य शोधण्याची इच्छा मागे पडते. प्रतिपक्षाचे दोष दाखविण्यात उभय बाजूंची बरीच शक्ती खर्ची पडे.

टिळकांच्या मनाला निराळ्याच प्रश्नाने घेरले होते. माणसामाणसांत जातीच्या भिंती उभ्या आहेत, त्या कशा मोडाव्यात? सर्व माणसे एका ईश्वराची लेकरे असतील, तर एकाने दुसऱ्याची सावलीही टाळावी हे कसे? या देशाला सर्वांस एकत्र आणील अशा धर्माची गरज आहे, असे त्यांस वाटे. त्यासाठी आपणच एक नवा धर्म स्थापावा, असे विचारही त्यांच्या मनात घोळत होते. अशा मनःस्थितीत त्यांनी आगगाडीत मिळालेले पुस्तक उघडले. वाचताना महत्त्वाच्या ठिकाणी पेन्सिलीने खुणा करण्याची त्यांची रीत होती. येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते आले, आणि शत्रूवरही प्रेम करावे, अपकार करणाऱ्याचेही कल्याण चिंतावे, ही शिकवण वाचून त्यांचे मन तेथेच गुंतून राहिले. ज्या प्रश्नांची उत्तरे ते वर्षानुवर्षे शोधीत होते, ती त्यांस तेथे सापडली.

तरीही त्यांनी घाई केली नाही. आपले नाव प्रकट न करता त्यांनी एका ख्रिस्ती नियतकालिकाच्या संपादकांशी पत्रव्यवहार सुरू केला. आपल्या शंका त्यांनी एकामागून एक पुढे मांडल्या. आलेली उत्तरे तपासली आणि पुन्हा शंका काढल्या. अखेर बुद्धीचे समाधान झाले. परंतु बुद्धीला पटले म्हणजे सारे संपले, असे नव्हते. उघडपणे ख्रिस्ती होणे म्हणजे जात, गोत, मित्र, प्रतिष्ठा आणि कदाचित पत्नी व मुलगा यांस अंतरणे, हे त्यांस पुरते ठाऊक होते. मनात एक आणि जनात एक असे वागून त्यांस सुखाने राहता आले असते. तसे राहणे त्यांस अप्रामाणिकपणाचे वाटले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. रेल्वेतील त्या गृहस्थांचे भाकीत खरे ठरले.

या निर्णयाची सर्वांत मोठी किंमत लक्ष्मीबाईंना मोजावी लागली. बाप्तिस्म्याची बातमी येऊन थडकली तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळले. त्या जुन्या वळणाच्या, सोवळे-ओवळे कसोशीने पाळणाऱ्या घरात वाढलेल्या होत्या. पती जिवंत असून संसार मोडला आणि पदरात लहानगा दत्तू! नातेवाइकांच्या आधाराने त्या काही काळ पंढरपुरास राहिल्या. टिळकांस सत्य गवसले होते. परंतु त्या सत्यासाठी एक निरपराध जीव दुःखात लोटला गेला होता. हे शल्य त्यांच्या अंतःकरणात सतत सलत होते. पत्नीच्या अश्रूंना उत्तर देऊ शकेल असा कोणताही युक्तिवाद त्यांच्यापाशी नव्हता. टिळकांच्या श्रद्धेची खरी कसोटी येथे लागली.

टिळक अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे राहून ख्रिस्ती धर्मशिक्षण देणाऱ्या शाळेत अध्यापन करू लागले. तेथून ते पत्नीला पत्रे लिहीत. धर्म बदल, असा आग्रह त्यांनी तिच्याशी धरला नाही. आपला संसार पुन्हा जुळावा एवढीच त्यांची विनवणी होती. जवळजवळ पाच वर्षे अशीच लोटली. शेवटी लक्ष्मीबाई मुलासह नगरास आल्या. परंतु आल्या त्या हिंदू म्हणूनच. त्यांचे स्वयंपाकघर निराळे, पाणी निराळे, सोवळे निराळे. टिळकांनी ही सारी व्यवस्था मनापासून मान्य केली. स्वतः जातिभेद साफ टाकून दिलेल्या या माणसाने पत्नीच्या सोवळ्याला धक्का लागू नये म्हणून काळजी घेतली. आपल्या मताला जितका मान हवा, तितकाच दुसऱ्याच्या मताला दिला पाहिजे, हे तत्त्व त्यांनी स्वतःच्या घरात पाळले.

या सहवासाचा परिणाम हळूहळू झाला. लक्ष्मीबाई अत्यंत बुद्धिमान व सरळ मनाच्या होत्या. राहुरी येथे असताना एकदा जातिभेदाचा विचार करता करता त्यांस वाटले, की ईश्वराने सर्व माणसे सारखीच निर्माण केली. हा उच्चनीच भाव माणसाचा आहे, देवाचा नव्हे. त्या दिवसापासून त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास प्रारंभ केला. पुढे १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. वादात हार पत्करून त्यांनी हे केले नाही. पतीचे बदललेले वर्तन त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते आणि मग स्वतःच्या विचाराने निर्णय घेतला होता. कित्येक वर्षांचा दुरावा अशा रीतीने संपला.

त्याच सुमारास, १८९९-१९०० साली, महाराष्ट्रात भयंकर दुष्काळ पडला. माणसे अन्नान्न करीत रस्त्यावर आली. अनेक मुले पोरकी झाली. टिळक दांपत्याने अशा अनाथ मुलांस आपलेसे केले. घरची मिळकत बेताची आणि खाणारी तोंडे पुष्कळ. कित्येक वेळा ओढाताण होई. पण मुलाची जात कोणती, त्याचे कूळ कोणते, हे त्या घरात कोणी विचारीत नसे. जातिभेदाविरुद्ध पूर्वी जे शब्दांनी मांडले होते, ते आता एका पंक्तीस बसून जेवणाऱ्या मुलांच्या रूपाने सर्वांस दिसू लागले. १९०४ साली टिळकांस धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली आणि त्यांच्या नावामागे रेव्हरंड ही पदवी आली.

ख्रिस्ती झाला तो परका झाला, असा समज त्या काळी सर्वत्र रूढ होता. नावे, पोशाख, गाण्याच्या चाली यांत विलायती अनुकरण पुष्कळ असल्याने तो समज अगदीच निराधार होता असेही नाही. मंदिरांतील बरीच गीते इंग्रजीवरून भाषांतरित केलेली असत आणि ती विलायती चालींवर म्हटली जात. मराठी माणसाच्या हृदयाला ती कशी भिडणार? टिळकांनी हे चित्र पालटले. आईपासून ऐकलेल्या ओव्या, वारकऱ्यांचे अभंग, कीर्तनाची परंपरा हे सारे त्यांच्या रक्तात होते. त्यांनी शेकडो भजने व अभंग रचून ख्रिस्ताची भक्ती शुद्ध मराठी वाणीत गाइली. हाती वीणा घेऊन ते ख्रिस्ती कीर्तने करीत. तुकोबांच्या पुलावरून चालत आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते कृतज्ञतेने सांगत. धर्म बदलला म्हणून पूर्वजांचा ठेवा टाकावा लागतो, असे त्यांस कधीही वाटले नाही.

यामुळे त्यांच्यावर दोन्ही बाजूंनी टीका होई. जुने स्नेही त्यांस धर्म सोडून गेलेला मानीत, तर काही ख्रिस्ती मंडळींस त्यांचे अभंग व कीर्तने म्हणजे जुन्याचेच अवशेष वाटत. टिळक दोघांसही शांतपणे उत्तर देत. १९१२ पासून अखेरपर्यंत ते ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादक होते. हिंदी ख्रिस्ती मंडळीने परदेशी मिशनऱ्यांच्या ओंजळीने पाणी पिऊ नये, तिने स्वतःच्या पायांवर उभे राहावे, हे मत त्यांनी निर्भयपणे मांडले. ज्या मिशनकडून वेतन मिळते, त्याच्याच उणिवा उघड सांगण्यास धैर्य लागते. ते धैर्य त्यांच्यापाशी होते. मात्र मिशनऱ्यांविषयीची कृतज्ञताही त्यांनी कधी सोडली नाही. स्वदेशावरील त्यांचे प्रेमही उत्कट होते. आपण ख्रिस्ती आहोत म्हणून भारतमातेचे कमी पुत्र आहोत, हे त्यांस मुळीच मान्य नव्हते.

धर्माच्या सीमा ओलांडून सर्व महाराष्ट्राने ज्यांवर प्रेम केले ते कवी टिळक. ‘वनवासी फूल’, ‘सुशीला’, ‘केवढे हे क्रौर्य!’ अशा त्यांच्या कविता सर्वतोमुखी झाल्या. रानातले एखादे फूल, जखमी पक्षीण, घरातले मूल यांच्यावर त्यांनी ज्या कोवळिकीने लिहिले, त्या कोवळिकीतच त्यांची भक्ती दिसते. होतकरू कवींस त्यांनी मायेने वाढविले. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजेच बालकवी, हे त्यांच्या नगरच्या घरी घरच्या मुलासारखे राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर आईची माया केली. बालकवी हिंदू आणि टिळक ख्रिस्ती, ही गोष्ट त्या स्नेहाच्या आड कधीच आली नाही.

उतारवयात टिळकांच्या मनाने आणखी एक मोठी झेप घेतली. १९१७ साली त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि संन्यस्त वृत्तीने राहण्याचा निश्चय केला. सातारा येथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, असे ख्रिस्तावर प्रेम करणारे सर्वजण या दरबारात बंधुभावाने एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती. तरुणपणी मनात असलेले मानवी ऐक्याचे स्वप्नच येथे नव्या रूपाने उभे राहत होते. परंतु प्रकृती साथ देईना. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. ख्रिस्ती रिवाज दफनाचा असला तरी, त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या देहाचे दहन करण्यात आले.

टिळकांनी ख्रिस्ताचे चरित्र ‘ख्रिस्तायन’ या नावाने ओवीबद्ध करण्यास घेतले होते. प्रारंभीचे काही अध्याय लिहून झाले आणि मृत्यू आला. उरलेले बहुतेक काव्य लक्ष्मीबाईंनी रचले. ज्या स्त्रीला पतीने अक्षरओळख करून दिली, जिने त्याच्या धर्मांतरामुळे वर्षानुवर्षे अश्रू ढाळले, तिनेच त्याचे अपुरे महाकाव्य पुढे नेले. लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागले व मराठी वाङ्मयात ते अमर झाले. त्यात त्यांनी पतीचे गुण सांगितले, तसेच त्याचा लहरीपणा आणि आपले हालही हसतखेळत सांगितले. टिळक निर्दोष नव्हते. परंतु ज्या व्यक्तीला त्यांच्या दोषांची झळ सर्वांत अधिक लागली, तिनेच त्यांच्या श्रद्धेची साक्ष दिली.

आपल्या धर्माचे समर्थन कसे करावे, हा प्रश्न प्रत्येक धर्माच्या माणसापुढे कधी ना कधी उभा राहतो. टिळकांनी तर्काचा अव्हेर केला नाही; शंका विचारल्याखेरीज त्यांनी काहीच स्वीकारले नाही. पण जे स्वीकारले ते त्यांनी आपल्या स्वयंपाकघरात, आपल्या पंक्तीत, आपल्या गाण्यात उतरविले. भिन्न मताच्या माणसाला दुखवून आपले मत मोठे होत नाही, हे त्यांनी पंढरपूर आणि नगर यांच्यामधील त्या पाच वर्षांत शिकून घेतले.

आजही गोंदियावरून राजनांदगावाकडे गाड्या धावतात. डब्यात अनोळखी माणसे शेजारी बसतात. कोणी सामान सरकवून दुसऱ्याला जागा करून देतो. एका प्रवाशाच्या अशाच लहानशा सौजन्यातून टिळकांच्या नव्या आयुष्याचा आरंभ झाला होता. पुढे त्यांच्या स्वतःच्या घरातही प्रत्येकासाठी जागा होती.